वर टांगलेला पाच नंबर

"सावकाश सोड," आउने खालून म्हणाली. योउकोने दोर ढिला केला आणि आइस हॉकीच्या हॉलच्या छताला टांगलेला पाच नंबरचा शर्ट गिरक्या घेत बर्फाकडे उतरू लागला.

वसंतात तो वर चढला तेव्हा गाव उभं राहून रडलं होतं. एन्सिओ याच एका क्लबात खेळत म्हातारा झालेला. निवृत्तीच्या दिवशी क्लबाने त्याला केक दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि हा मान दिला, की पाच नंबर पुन्हा कोणी घालणार नाही. मान द्यायला काही लागत नाही. आता बचावाचे दोघे जायबंदी झाले, संध्याकाळची मॅच हातची जायची वेळ आली, तेव्हा 'तू दमलास' म्हणणाऱ्या मॅनेजर योउकोनेच त्याला फोन केला होता.

"दुसरा नंबर घे की म्हाताऱ्या. पाठ तीच आहे," योउको म्हणाला.

"पाच नसेल तर मी बर्फावर पाय ठेवणार नाही," एन्सिओ म्हणाला. उन्हाळाभर खिडकीत बसलेला हा माणूस कॉफी अर्धी टाकून आला होता.

शर्ट आउनेच्या हातात आला. एन्सिओला मिसरूड फुटल्यापासून क्लबात त्याचे कपडे तीच धूत आली होती. तिने कॉलर नाकाशी नेली.

"ओला आहे."

"छत गळत असेल," योउको म्हणाला.

"छताला घाम येत नाही. आणि मी कडक इस्त्री करून चढवला होता. हे बघ." शर्टाचं उजवं टोक चुरगळलेलं होतं. एन्सिओ तेवढंच टोक चड्डीत खोचायचा, आणि त्यावरून तिची बोलणी खायचा.

एन्सिओने बाहीत हात घातला. आतून ऊब होती, कोणी आत्ताच काढून ठेवावा तशी.

"तू घरी बसलास रे," आउने हळूच म्हणाली. "हा नाही बसला."

योउको एकटाच हसला. "घाल लवकर."

एन्सिओने शर्ट डोक्यावरून घेतला, गळ्यापर्यंत आणला आणि थांबला. मग काढला. चुरगळलेलं टोक होतं तसं दुमडलं आणि स्वतःच शर्ट दोराला बांधला.

"ओढ वर."

"अरे, मग बचावाला कोण?"

"पाच नंबर."

शर्ट चढत गेला. हॉलमध्ये वारा नव्हता. तरी वर पोचता पोचता दोन्ही बाह्या कोपरात वाकल्या, स्टिक धरल्यासारख्या.

एन्सिओ खेळाडूंच्या दाराकडे गेला नाही. प्रेक्षकांच्या जिन्याने चढला, आणि छत दिसणार नाही अशी खुर्ची शोधू लागला.