आप्पांचं इंजिन

विमान क्लबच्या सेक्रेटरींनी पोतं ताईच्या टेबलावर ठेवलं तेव्हा त्यातून अजून मैदानातली माती गळत होती. आत आप्पांच्या विमानाचं इंजिन होतं. मुठीत मावेल एवढंच, पण रविवारी सकाळी ते चार किलोच्या मॉडेल विमानासकट वरून थेट खाली आलं होतं. कठड्यामागे माणसं पोराबाळांना घेऊन बसली होती. त्यांच्यापासून जेमतेम दहा हातांवर.

"कुणी फिरवून पाहिलं नाही ना?" ताईने विचारलं.

"हातसुद्धा लावला नाही. तुमच्या शिव्या कोण खाणार?"

मातीत पडलेलं इंजिन फिरवलं की आतून खरवडून निघतं, आणि मग नेमकं काय झालं होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. क्लबमध्ये हे सगळ्यांना ताईनेच शिकवलं होतं. लेथवर तिची वीस वर्षं गेली होती. इंजिन दुरुस्त करायचं की मोडीत काढायचं, यावर तिचा शब्द शेवटचा. एकदा तर तिने स्वतः दुरुस्त केलेलं इंजिन चारचौघांत उचलून "हे मी बिघडवलंय, बदलून देते" असं सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्याशी हुज्जत घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

या वेळी मात्र नुसत्या इंजिनाचा प्रश्न नव्हता. क्लबचा नियम सरळ होता. इंजिन आतून मोडलेलं निघालं तर तो अपघात. नवं बसवा आणि उडवा. इंजिन आतून धड असेल, वरवरच्या दुरुस्तीवर भागत असेल, तर चूक उडवणाऱ्याची. वर्षात अशा दोन चुका झाल्या की रिमोट क्लबकडे जमा, कायमचा. आप्पांची पहिली चूक उन्हाळ्यातच होऊन गेली होती.

आणि आप्पा तिचे वडील होते.

ते दारातच उभे होते. वय चौऱ्याहत्तर, पण पाठ ताठ. "निवांत बघ गं," ते म्हणाले. "इंजिन वरच बंद पडलं. या कानांनी ऐकलंय मी."

रविवारी एकाच वेळी तीन विमानं हवेत घोंघावत होती. त्यातला कुठला आवाज थांबला, हे दुसऱ्या कुणाला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

सेक्रेटरींनी ताईला बाजूला घेतलं. आप्पांसाठी नवं इंजिन सांगून ठेवलंय, म्हणाले. अर्धा क्लब त्यांच्या हाताखाली तयार झालेला. त्यांच्याशिवाय मैदानाची कुणाला कल्पनाच करवत नव्हती. आप्पांचे किस्सेही सगळ्यांना तोंडपाठ. गेल्या महिन्यात तर ते एका घारीला रिमोटने वळवत उभे राहिले होते आणि विमान बिचारं पाठीमागे आपलं आपण गोल फिरत होतं. लोकांची हसून मुरकुंडी वळली. "गंमत केली रे तुमची," म्हणत आप्पाही हसले. ताई तेव्हा त्यांच्या शेजारीच उभी होती.

"तेवढं बघा," सेक्रेटरी म्हणाले.

"जे असेल ते सांगेन," ती म्हणाली आणि दोघांना बाहेर काढलं. उघडताना ती कुणाला आत थांबू देत नसे. तिळाएवढ्या क्लिपा कुणाच्या धक्क्याने उडाल्या की शोधता शोधता दिवस जातो.

बाहेर आप्पांनी दोन कप चहा घेतला, आणि पुढच्या रविवारी कुठली कसरत करायची तेही सेक्रेटरींना सांगून टाकलं. तासाभराने दार उघडलं.

पांढऱ्या कापडावर सगळे भाग ओळीने मांडले होते. एकेक उचलून ती दाखवत गेली. पिस्टन शाबूत. बेअरिंग मोकळं. मग तिने बोटाच्या पेराएवढी एक दांडी उचलली.

"हा रॉड. पिस्टन आणि शाफ्ट यानेच जोडलेले असतात. हा मोडला असता तर इंजिन हवेतच बंद पडलं असतं. धड आहे. बघा."

सेक्रेटरींनी तो उलटसुलट केला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. आप्पांनी हात पुढे केला नाही.

"तू बघितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

"मग झालं."

"म्हणजे नवं इंजिन नको?" सेक्रेटरींचा आवाज बसला.

"नको. शाफ्ट सरळ करते, इंधनाची सुई बदलते. दोन दिवसांत सुरू होईल."

"ताई, अहो वडील आहेत तुमचे."

"म्हणून धड इंजिनाला मोडकं म्हणू?"

सेक्रेटरींनी मान खाली घातली. आप्पा मात्र हसले. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी रिमोट काढला, रुमालाने दोनदा पुसला आणि सेक्रेटरींच्या हातात दिला. इंजिन दुरुस्त झालं की नव्याने शिकणाऱ्या कुणाच्या तरी विमानाला लावा, म्हणाले. त्यांच्या हातात आता नुसता रुमाल राहिला. ताई कापडावरचे भाग आवरू लागली.

निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, मी शपथेवर सांगितलं असतं की आवाज बंद झाला होता. पण तू बापासाठीही खोटं बोलायची नाहीस. म्हणजे माझे कानच गेले म्हणायचे."

"सावकाश जा, आप्पा. पायरी आहे."

आप्पांना मागे घेऊन निघालेल्या सेक्रेटरींच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिने आतून कडी लावली, आणि इंजिन उघडल्यावर त्यातून निघालेला रॉड एप्रनच्या खिशातून बाहेर काढला. त्याचे दोन तुकडे झाले होते.