लुगड्यांची भिंत

सामना सुरू व्हायच्या आधीच मैदानाभोवती लुगड्यांची भिंत उभी राहिली. कोष्टीपुऱ्यातल्या मागांवरून कालपरवा उतरलेली नऊवारी लुगडी, काहींची तर घडीही मोडली नव्हती. एकेक लुगडं दोघी-तिघींनी डोक्याच्या वर ताणून धरलेलं, पाठ खेळाकडे. पलीकडे रस्त्यावर मोहल्ल्यातले पुरुष गोळा झाले होते. त्यांना आतलं काही दिसू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

भांडण अर्ध्या चड्डीचं होतं. खो-खोचा शेवटचा सामना, समोर सिव्हिल लाइन्सची शाळा, आणि नियम असा की मुलींनी परकर घालून खेळायचं नाही. खेळाच्या शिक्षिका शोभाताई घरोघर जाऊन हात जोडून आल्या. बाकीच्या आया कुरकुरत का होईना तयार झाल्या. चंद्रकला निमजेच्या घरी मात्र तिची आत्या तुळसाबाई दारातच आडवी झाली. आणि चंद्रकला नसेल तर सामना खेळण्यात अर्थ नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शेवटी तुळसाबाईनं अट घातली. पुरुषाची नजर पडणार नसेल तर पोरगी खेळेल. पडली, तर खेळ तिथंच सोडून घरी. मोहल्ल्यातल्या पुरुषांनीही मान वर न करण्याचा शब्द दिला.

मैदानालगतच्या शाळेच्या खिडक्यांवर लढाईच्या दिवसांत उजेड बाहेर जाऊ नये म्हणून लावलेला काळा कागद अजून चिकटलेला होता, त्यामुळे त्या बाजूची काळजी नव्हती. काळजी होती पंचांची. कृष्णकांत मास्तर गळ्यात शिट्टी अडकवून आले, तसं तुळसाबाईनं त्यांना अडवलं.

"तुम्ही कुठं घुसून राहिले, मास्तर?"

"मी पंच आहे, बाई."

"मंग फक्त पाय पाहा. तेही घोट्यापर्यंत."

"खो-खोत पायच पाहावे लागतात," मास्तर म्हणाले आणि बिचारे खरोखरच मान खाली घालून आत गेले.

शिट्टी झाली. आतून खो, खो असे आवाज आणि मातीवर पावलांची धडधड ऐकू येऊ लागली. तुळसाबाईच्या हातात तिचा भाऊ गोविंदा, म्हणजे चंद्रकलेचा बाप, यानं विणलेलं लुगडं होतं. उद्या इतवारीच्या बाजारात व्यापाऱ्याला द्यायचं म्हणून त्यानं ते जिवापाड जपलं होतं. तो पलीकडून हळूच म्हणाला, "अक्का, काय होऊन राहिलं?"

"मले काय माहीत? माही पाठ आहे तिकडे."

"पाहून सांग ना वं. मले तर पाह्यची बंदी आहे."

भावाला सांगायचं, एवढ्याच कारणासाठी तुळसाबाईनं मान वळवली. ती मान काही परत फिरली नाही. तिचं बघून शेजारची पार्वतीबाई वळली, मग तिच्या पलीकडची. भिंत डोक्यावरून खांद्यावर आली.

"वर धरा वं, वर धरा," तुळसाबाई सगळ्यांवर खेकसली. स्वतःचं टोक कमरेपर्यंत आलेलं तिला कळलंही नाही. त्याच्या पलीकडे गोविंदा इमानदारीनं आपल्या चपला पाहत उभा होता.

आत सिव्हिल लाइन्सच्या मुली ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांच्यामधून चंद्रकला एकीच्या डावीकडून, दुसरीच्या उजवीकडून सरसर निघत होती. तिच्यासोबतच्या दोघी बाद झाल्या होत्या. मिनिटभराचा खेळ उरला होता. शिट्टीपर्यंत ती टिकली तर ढाल आपली, नाही तर सिव्हिल लाइन्सची.

"गोविंदा, तुह्या मागात इकडून तिकडे पळणारा धोटा आहे गा हे पोट्टी," तुळसाबाई म्हणाली. "हातात सापडतच नाही."

पण धोट्यालाही धागा अडतो. चंद्रकला खांबाजवळ कोंडली गेली. मागची मुलगी अगदी पाठीशी आली, तिचा हात पुढे झाला, आणि तुळसाबाईचे दोन्ही हात आपसूक वर गेले. "खांब सोड, चंद्रे, खांब सोड."

लुगडं धुळीत पडलं. मग पार्वतीबाईचं. मग सगळीच.

चंद्रकलेनं खांब सोडला, हुलकावणी देऊन मैदानाच्या मध्यापर्यंत आली आणि समोर बघते तो उघडा रस्ता, त्यावर पुरुषांची रांग आणि त्या रांगेत बाप. ती जागीच थबकली. अट तिला पाठ होती. तिनं आत्याकडे पाहिलं. मागून पावलं येतच होती.

"माह्याकडे काय पाहून राहिली?" तुळसाबाई ओरडली. "पळ."

चंद्रकला पळाली. शोभाताईंनी डोळे मिटून घेतले. बायांनी मात्र मिटले नाहीत. लांबलचक शिट्टी झाली तेव्हा चंद्रकला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती, आणि तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. बायांनी एकच गलका केला. तुळसाबाईला रडू फुटलं आणि ते तिनं लपवलंही नाही.

रस्त्यावरच्या पुरुषांच्या माना अजून खालीच होत्या. शब्द म्हणजे शब्द. गोविंदा खाली वाकून, वर न बघता, धुळीतलं लुगडं चाचपडत गोळा करत होता.

"अक्का, जिंकली का वं पोरगी?" त्यानं तसंच वाकून विचारलं.

तुळसाबाईनं त्याच्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि परत धुळीत टाकलं.

"राहू दे ते. लुगडं धुता येते," ती म्हणाली. "मान वर कर, अन् सोताच पाह्य."