चौथ्या नंबरचा मान

"चौथं मानांकन किनवटला," पंचशीला म्हणाली. "यात आता चर्चा कसली, सर?"

चर्चा तर केव्हाची रंगली होती. नांदेडच्या यजमान कॉलेजातल्या त्या खोलीत जिल्ह्या-जिल्ह्याचे क्रीडा शिक्षक समोसे खात बसले होते आणि उद्यापासूनच्या मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचा ड्रॉ काढत होते. नियम साधा. तगड्या चार संघांना मानांकन द्यायचं आणि ड्रॉच्या चार कोपऱ्यांत बसवायचं, म्हणजे सेमीफायनलच्या आधी ते एकमेकांना भिडत नाहीत. बाकीच्यांचं नशीब चिठ्ठीवर.

पहिलं मानांकन लातूरच्या विजेत्या संघाला गेलं. दुसरं यजमानांना, ते गेल्या सालचे उपविजेते. इथवर सगळं रीतसर झालं. तिसरं पंचशीलाच्या किनवटच्या पोरींचं, कारण तिसऱ्या त्याच आल्या होत्या. पण ते गेलं स्पर्धेचं जेवण देणाऱ्या संस्थेच्या संघाला.

"सकाळपासून त्यांचंच खाऊन राहिलो आपण," अध्यक्ष भुजंगराव सर म्हणाले. "खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

सगळे हसले. पंचशीलानं राग गिळला. चौथं तरी शिल्लक होतं. चौथ्यावरसुद्धा लातूरशी गाठ थेट सेमीफायनललाच पडणार होती, आणि विद्यापीठाचा संघ निवडणारे लोक तेव्हाच येऊन बसतात. त्याआधी तिकडं कुत्रंही फिरकत नाही. तिच्या संघातल्या लुंबिनीचं हे शेवटचं वर्ष. त्या लोकांनी या पोरीला एकदा, फक्त एकदा खेळताना बघावं, एवढंच पंचशीलाला पाहिजे होतं.

भुजंगराव सरांनी घसा खाकरला.

"आपले गुरुबसप्पा सर यंदा रिटायर होऊन राहिले. त्यांची ही शेवटची स्पर्धा. चौथं त्यांच्या संघाला द्यावं असं माझं मत हाय."

गुरुबसप्पा सर कोपऱ्यात बसले होते. त्यांचा संघ म्हणजे पाच पोरी गोळा करता करता नाकी नऊ आलेले, त्यातल्या दोघी कबड्डीच्या. हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. खुद्द सरांनाही.

"सर," पंचशीलाचा आवाज चढला, "मानांकन म्हणजे लग्नातला मानपान न्हाई. कोण कसं खेळतंय ते बघायचं असतंय."

"मॅडम, खेळ काय, दरसाल हाय. माणूस रिटायर एकदाच होतंय. आन् मानांकन म्हणल्यावर मान आलाच की त्यात!"

पुन्हा हशा. कुणीतरी म्हणालं, "आन् सर तर मॅडमचेच गुरू. मॅडमच सुचवतील बघा नाव."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वसतिगृहातल्या बुजऱ्या पंचशीलाच्या हातात पहिल्यांदा चेंडू दिला तो याच सरांनी. 'कुणाच्या पुढं मान खाली घालू नकोस, बास्केट वर असतंय,' असं म्हणणारेही हेच. तिनं सरांकडं बघितलं. सर एक शब्द 'नको' म्हणाले असते तर विषय तिथंच मिटला असता. सरांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत बसले.

चांगलाच वेळ पुसत होते.

"द्या सरांना," पंचशीला म्हणाली.

टाळ्या पडल्या. भुजंगराव सर तर उठूनच उभे राहिले. एवढा मनाचा मोठेपणा, त्याचा सत्कार झालाच पाहिजे! न आलेल्या पाहुण्याची शाल टेबलावर पडूनच होती. ती गुरुबसप्पा सरांच्याच हातानं तिच्या खांद्यावर आली, वर नारळ. ती पाया पडायला वाकली, कारण अशा वेळी वाकायचंच असतं.

"मोठी हो," सर पुटपुटले. तिच्या डोळ्याला डोळा मात्र दिला नाही.

मग चिठ्ठ्या निघाल्या. किनवटची चिठ्ठी पहिल्याच चौकटीत, लातूरच्या खाली. उद्या सकाळची पहिलीच मॅच, तीही लातूरशी. कुणीतरी घाईनं चहा सांगितला.

पंचशीला चहाला थांबली नाही. बाहेर मैदानावर तिच्या पोरी सराव करत होत्या. लुंबिनीनं रिंगखाली उडी घेतली, चेंडू आत सोडला आणि वळताना तिला मॅडम दिसल्या. खांद्यावर शाल, हातात नारळ.

"भेटलं!" ती किंचाळली. "अय, भेटलं गं मानांकन! मॅडमचा सत्कार केलाय बघा!"

पोरींनी एकच कल्ला केला. कुणी चेंडू आभाळात फेकला, कुणी बसल्या जागी टाळ्या पिटल्या. लुंबिनी धावत येऊन पुढ्यात उभी राहिली. घामानं निथळत होती आणि तोंडभर हसत होती.

"कितवं भेटलं, मॅडम?"

असला मान जळो, असं पंचशीलाला झालं. तिनं शाल ओढून काढायला हात घातला.

लुंबिनीनं तो हात धरला.

"राहू द्या की, मॅडम," ती म्हणाली. "लई शोभून राहिली तुम्हाला."