अधिकचा ‘मी’

उन्हाळ्याच्या अखेरच्या रविवारी, ऊन कलल्यानंतर, पाण्याच्या टाकीमागील सामायिक बागेत, अवजारांच्या खोलीसमोरच्या लाकडी टेबलावर चार खरबुजे मांडलेली होती. तीन कापून आणि चाखून झाली होती. चौथ्यासाठी अनुस्वाररावांनी सुरी हातात घेतली.

अनुस्वारराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. त्यांनी हयातभर छापखान्यात मुद्रिते तपासली होती, आणि बागेतल्या गप्पांतही दुसऱ्याचे वाक्य दुरुस्त केल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. म्हणून ते नाव त्यांना चिकटले. चिकटवणारे मित्र तिघे: शेजारच्या वाफ्याचे घड्याळजी, इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर आणि टेलरमास्तर. हंगाम सरताना प्रत्येकाने आपले एक फळ आणावे, सर्वांनी चाखावे आणि सर्वांत गोड कोणाचे ते ठरवावे, असा यांचा परिपाठ. ते दर वर्षी अनुस्वाररावांचेच ठरे. मग ते उभे राहत आणि त्या गोडीची कारणमीमांसा करीत. ती रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत चाले. बी मात्र त्यांनी मागूनही कधी कोणाला दिले नव्हते. ते आईने राखलेले बी होते. चार हातांत गेले की वाण बिघडतो, असा त्यांचा सिद्धान्त होता.

या वर्षी त्यांनी तो सिद्धान्त मोडला होता. मुलाकडे कायमचे राहायला जायचे ठरले होते, आणि मुलाच्या घराला माती नव्हती, फक्त गॅलरी होती. बागेत हे कोणालाही ठाऊक नव्हते. सदऱ्याच्या खिशात बियांच्या तीन पुड्या होत्या. आधी सर्वांनी फळ चाखावे, ती चव जिभेवर असतानाच पुड्या हातात ठेवाव्यात, असे त्यांनी योजले होते. भाषणही तयार होते, एकाच वाक्याचे. ‘बी तुमचे, वेल तुमची, गोड झाले की कळवा.’ त्यातून काढण्यासारखा एकही शब्द उरला नव्हता.

सुरी आत गेली. रस टेबलावर पसरला. टेलरमास्तरांनी फोड उचलली, चावली आणि मान डोलावली.

“काकडी झकास आहे.”

कोणी हसले नाही. अनुस्वाररावांनी फोड तोंडात घातली. तिला पाण्याची चव होती. फळाच्या बुडाशी बारीक चीर होती. सकाळी ती दिसली तेव्हा त्यांनी उन्हाला बोल लावला होता.

खरबूज पिकू लागले की पाणी तोडावे लागते. तहानलेल्या वेलीच्या फळातच साखर उतरते; पाणी जास्त झाले तर फळ फिके होते आणि तडकते. नेमक्या त्याच दिवसांत, मुलाकडची खोली पाहण्यासाठी त्यांना जावे लागले. निघताना त्यांनी घड्याळजींचे दोन्ही हात धरले होते. “पानं माना टाकतील,” ते म्हणाले होते, “तुला दया येईल. पण काही झालं तरी तू पाणी देऊ नकोस.”

आता त्यांनी सुरी खाली ठेवली आणि घड्याळजींकडे पाहिले.

“पाणी दिलंस?”

“काहीतरीच काय! मी एक थेंबही दिला नाही.”

सिस्टर फडका घेऊन टेबल पुसू लागल्या. टेलरमास्तर आपल्या चपलेचा अंगठा निरखू लागले.

अनुस्वारराव त्या वाक्यापाशी थांबले. ‘दिलंस’मधल्या ‘स’तच कर्ता आलेला होता. ‘एक थेंबही नाही’ एवढे उत्तर पुरेसे होते. पुढे जोडलेला ‘मी’ अधिकचा होता. असले शब्द त्यांनी आयुष्यभर लाल शाईने काढले होते, आणि काढण्यापूर्वी दर वेळी स्वतःला विचारले होते की, लिहिणाऱ्याने हा ठेवला कशासाठी?

“तू नाही दिलंस,” ते सावकाश म्हणाले. “मग कोणी दिलं?”

“तू आधी खाली बस बघू. चेहरा बघ कसा झालाय.”

“कोणी?”

“एक दिवस मी, एक दिवस सिस्टर,” टेलरमास्तर चपलेकडे पाहतच म्हणाले. “आलटूनपालटून. झारी घड्याळजींची.”

“मी शब्द पाळला रे!” घड्याळजी घाईने म्हणाले. “तू म्हणालास, ‘तू देऊ नकोस.’ नाही दिलं. इथेच खुर्ची टाकून बसलो होतो मी. रोज.”

आपल्याच वाक्यातली फट अनुस्वाररावांना दिसली. ‘पाणी पडू देऊ नकोस’ असे म्हणायला हवे होते. पण मित्राशी बोलताना वाक्य तपासून घ्यावे लागते, हे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. रोज संध्याकाळी वेलीच्या आळ्यात झारी रिकामी होते आहे, आणि शेजारी खुर्ची टाकून त्यांचा मित्र ते पाहतो आहे, हे दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

“हरवायचं होतं, तर तसं सांगायचं,” ते म्हणाले. त्यांचा हात खिशात, पुड्यांवर होता. “मी फळच आणलं नसतं. पण पिकत आलेलं फळ नासवायचं? ती गोडी तुम्हाला इतकी खुपत होती?”

घड्याळजींनी सिस्टरांकडे पाहिले. सिस्टरांनी फडक्याची घडी केली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली.

“खरबूज तुमचं गोडच असतं हो,” त्या म्हणाल्या. “भाषण सोसत नाही.”