गाडीची नजर

"ती आधी काढा," सोसायटीच्या गच्चीवर उभ्या नव्या उडत्या गाडीखाली वाकत तपासणीच्या मॅडम म्हणाल्या. गाडीच्या पोटाला लिंबू-मिरची लटकत होती. शनिवार म्हटला की हेच. सकाळपासूनची ही नववी गाडी.

"अहो, कोरी गाडी आहे. नजर लागली तर?" मालकाची आई पुढे झाली.

मॅडमनी कंबरेवर हात ठेवला आणि आठ वेळा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. "ताई, जमीन किती लांब आहे ते गाडी या काचेतून बघते. काचेसमोर लिंबू आलं की तिला वाटतं, टेकले. मग ती पंखे बंद करते आणि वरूनच खाली कोसळते."

"म्हणजे गेल्या वर्षी त्या मुलाची पडली, तशी?"

"तशीच."

आईने घाबरून स्वतःच दोरा ओढून तोडला. मिरच्या पायाशी पडल्या, लिंबू घरंगळत कठड्यापाशी गेलं. "एवढी साधी गोष्ट! त्याच्या घरात सांगणारं मोठं माणूस नव्हतं का हो कुणी?"

मॅडमनी फॉर्मवर सही केली.

"होतं ना," त्या म्हणाल्या. "तो निघालाच होता. मीच धावत जाऊन बांधली."