बॉनेटखालून आलेली हाक

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एका जुन्या पिकअपमध्ये चालकाच्या जागी बसला आहात. पाय खाली पोहोचत नाहीत, पण किल्ली तुमच्याच हातात आहे. गाओने नावाची मुलगी तशीच बसली होती.

मागच्या हौद्यात तिचे बाबा पडले होते. बैलाने शिंग खुपसून त्यांचं पोट फाडलं होतं आणि आई दोन्ही हातांनी त्यावर चादर दाबून धरत होती. दवाखाना फार लांब होता आणि गुरांच्या त्या तळावर दुसरी गाडी नव्हती.

"काल इंजिन उघडलंस, ते जोडताना डोकं आतच विसरलास का रे?" आईने आपल्या भावाला, ओतेंगमामाला सुनावलं.

ओतेंगमामाने बॅटरीच्या तारा आवळल्या. सुटून राहिलेली अर्थिंगची तारही जोडली. "फिरव, गाओने."

नुसतं टक् झालं.

मग त्याने स्टार्टरवर हातोडी मारली. आतून तेवढाच ठोका परत आला. मामाने चिडून जोरात मारली. आतून असा तडाखा बसला की हातोडी उलटून त्याच्या तोंडावर आदळली. रक्ताळलेले दात थुंकत तो खाली कोसळला.

मग इंजिनातून शांत आवाज आला, "को को."

अंगणाबाहेरून पाहुणा अशीच हाक देतो आणि 'या' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

"ओ देऊ नकोस," मागच्या खिडकीतून आई कुजबुजली.

गाओनेने वळून पाहिलं. चादर पूर्ण लाल झाली होती. बाबांचे ओठ हलायचे थांबले होते.

"या," ती म्हणाली, आणि तिने किल्ली फिरवली.