पेरू खाणारा मुलगा

आप्पासाहेबांनी पुस्तक उघडून मुलांसमोर धरलं. चित्रातला मुलगा झाडाच्या फांदीवर बसून पेरू खात होता आणि पानाच्या कोपऱ्यात लालभडक फुली छापलेली होती.

"चूक की बरोबर?"

"चूऽऽक!" सतरंजीवरची सगळी पोरं एका सुरात ओरडली.

आप्पासाहेब प्रसन्न झाले. हडपसरच्या या सोसायटीचे ते चेअरमन. इथले आईबाप सकाळीच कंपनीच्या गाडीत बसून आयटी पार्कात जायचे, आणि पोरं शाळेतून आली की मोकाट. त्यांना चांगलं-वाईट शिकवते म्हणाली, म्हणून तनुजा या शिक्षिकेला त्यांनी क्लबहाउसचा हॉल दिला, आणि ती चित्रांची पुस्तकं दाखवू लागली. पण आवारातल्या पेरूच्या झाडाखाली अर्धवट खाल्लेले पेरू सापडायचे ते सापडतच होते. आज आप्पासाहेब स्वतःच पुस्तक घेऊन आले होते. सोमवारपासून हॉलला कुलूप, हेही ठरवून आले होते. तनुजाला दुसरी जागा नव्हती. हॉल गेला की वर्ग गेला.

"पाहिलंत बाई? याला शिकवणं म्हणतात. तुम्ही म्हणे पुस्तकातल्या फुल्यांवर कागद चिकटवता."

"चिकटवते," तनुजा म्हणाली. "एकदा मी विचारू?"

"विचारा. नाहीतरी आज शेवटचाच दिवस आहे."

तनुजाने पुस्तक हातात घेतलं, फुलीवर अंगठा ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. आता कुणीच ओरडलं नाही. एकदोघांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण अशा वेळी चेहरा कोरा ठेवायचा हे तिने कष्टाने अंगवळणी पाडलं होतं. मग नाइलाजाने पोरं पुढे सरकली आणि चित्र बघू लागली.

"तो पडेल," दिग्विजय म्हणाला.

"त्याने पेरू धुतलाच नाहीये," सोनू म्हणाला. त्याच्या घरी केळंसुद्धा धुऊन खात.

आप्पासाहेबांनी घड्याळाकडे पाहून एक लांब श्वास सोडला.

मैना मात्र चित्रावरून बोट फिरवत होती. सोसायटी उभी राहण्याआधी इथे तिच्या आजोबांची, गेनबांची, पेरूची बाग होती. बिल्डरने त्यातलं एकच झाड शिल्लक ठेवलं होतं.

"ह्याची पिशवी कुठं हाय?" तिने विचारलं.

"कसली पिशवी?" आप्पासाहेब म्हणाले.

"आबा म्हनत्यात, वाटंनं जानाऱ्यानं झाडाखाली बसून खाल्लं तर खाऊ द्यावं. भूक लागती मान्साला. पिशवी भरून घरी न्हेलं, की मंग चोरी."

"ते आबांच्या बागेत. ही सोसायटी आहे."

"झाड त्येच हाय की," मैना म्हणाली.

तनुजाला हसू आलं, पण लगेच तिने सोनूकडे पाहिलं. कारण सोनूच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं, आणि त्याला ते पोटात ठेवता येत नसे.

"मग वॉचमनकाका सकाळी पिशवी भरून यांच्या घरी नेतात, ते?" त्याने आप्पासाहेबांकडे बोट दाखवलं.

'सोनू, गप्प बस' एवढं म्हटलं असतं तर हॉल कदाचित वाचला असता. शब्द तनुजाच्या ओठांपर्यंत आलेही. तिने ते गिळले.

"पेरू सडून वाया जातात, म्हणून मी..." आप्पासाहेब पोरांकडे न बघता तनुजाला सांगू लागले.

"तुमी झाडाखाली बसून खाल्लं का?" मैनाने विचारलं. तिला त्यांना पकडायचं नव्हतं. उलट ती त्यांच्या सुटकेची वाट शोधत होती.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये भल्याभल्यांना एका वाक्यात गप्प बसवणारे आप्पासाहेब. त्यांनी तोंड उघडलं. पोरं मघाशी चित्राकडे बघत होती तशीच, अगदी लक्षपूर्वक, त्यांच्याकडे बघत होती.

"नाही," ते म्हणाले. "घरी नेले. जेली केली."

"मग चूक," दिग्विजय हळूच म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसतही होतं. बाकीच्यांनी री ओढली नाही. जो तो आपापला विचार करत होता.

एवढ्याचसाठी तर हा सगळा खटाटोप होता. आता हॉल गेला तरी चालेल, असं तनुजाला खरोखर वाटलं.

आप्पासाहेब उठून खिडकीशी गेले. "उत्तरेश्वर," त्यांनी वॉचमनला हाक मारली, "आमच्या घरून आजची पिशवी घेऊन या. झाडाखाली आणा." मग वळून म्हणाले, "चला रे. आणि हात धुऊन या, नाहीतर हे सोनूशेठ मला पुन्हा धरतील."

सगळा वर्ग झाडाखाली गेला. वॉचमनने आप्पासाहेबांसाठी खुर्ची आणली. मैनाने 'नाही' अशी मान हलवली, तशी त्यांनी खुर्ची परत पाठवली आणि गुडघे धरत, कण्हत, पोरांमध्ये मातीतच बैठक मारली. पेरू पिकलेला होता. पहिल्याच घासाला हनुवटीवर रस ओघळला आणि पोरं खिदळली. तनुजाही खिदळली, आणि तिने ते लपवलंही नाही.

"बाई," आप्पासाहेब भरल्या तोंडाने म्हणाले, "सोमवारी तुमचा वर्ग किती वाजता भरतो?"

उत्तर मैनाने दिलं.

"चारला या. पर पिशवी आनू नगा."